सारा, खोत आणि बाबासाहेबांचे अर्थशास्त्र

परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे नाव आपल्या घरात रोज घेतले जाते. त्यातल्या डॉक्टर या शब्दाचा अर्थ काय, असे पाचाडच्या परिसरात नव्याने धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांतील मुले मला विचारतात. बाबासाहेब कोणता रोग बरा करीत, असेही एका मुलाने विचारले. मुलाला हसणे सोपे आहे, पण त्याच्या आईवडिलांना तरी उत्तर कोणी सांगितले होते? बाबासाहेबांच्या अमेरिकेतील आणि इंग्लंडातील दोन्ही मोठ्या पदव्या अर्थशास्त्राच्या आहेत. त्यांतली पहिली तर सरकारच्या तिजोरीचा अभ्यास केल्याबद्दल मिळालेली आहे. सरकार पैसा कोणाकडून घेते, किती घेते आणि कोणावर खर्च करते, हे शिकवणाऱ्या विषयाला सार्वजनिक आयव्यय म्हणतात. चवदार तळ्याचा संगर आपण दरवर्षी साजरा करतो. पण त्या संगराच्या मुळाशी हा कोरडा वाटणारा विषय होता, असे माझे मत आहे. म्हणून बाबासाहेबांचे चरित्र आज या बाजूने सांगतो.

कर हा शब्द आपल्या पूर्वजांना पुस्तकातून शिकावा लागला नाही. महार हा गावचा वतनदार चाकर. चावडीवर हजर राहणे, गावची शीव दाखवणे, टपाल नेणे आणि गावचा वसूल तालुक्याच्या कचेरीत पोचवणे ही त्याची कामे. रायगडाच्या पायथ्याचे हे पाचाड जिजाऊमातेच्या समाधीमुळे महाराष्ट्राला ठाऊक आहे. इथून महाड पंचवीस किलोमीटरच्या आसपास. आज एस.टी.ने जाताना हे अंतर काही वाटत नाही; पण वसुलाची थैली सांभाळीत डोंगरातून पायी जायचे म्हणजे काय, ते आमच्या पणज्या-आज्या सांगत. सरकारी पैशाची राखण करण्याइतका विश्वास त्या माणसावर होता. त्या पैशातून बांधलेल्या शाळेच्या ओटीवर मात्र त्याच्या पोराला जागा नव्हती, आणि त्या पैशातून गाळ काढलेल्या विहिरीवर त्याच्या बायकोला घागर भरता येत नव्हती. ही गोष्ट महात्मा फुले यांच्या नजरेतून सुटली नव्हती. शेतकऱ्यांनी भरलेल्या साऱ्यातून आणि पट्टीतून उच्चवर्णीयांच्या मुलांचे शिक्षण चालते, अशी तक्रार त्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे मांडली आणि पुढच्याच वर्षी शेतकऱ्याचा असूड हे पुस्तक लिहून हाच हिशेब विस्ताराने केला. बाबासाहेबांनी फुल्यांना गुरू मानले, त्यात हा हिशेबही आला असे मी समजतो.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. मूळ गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे, म्हणजे आपल्याच कोकणातले. त्यांचे बालपण, साताऱ्याची शाळा, मुंबईचे एल्फिन्स्टन हायस्कूल आणि कॉलेज, हे या पाक्षिकाच्या वाचकांना माहीत आहे. त्यावर जागा घालवीत नाही. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ च्या जुलै महिन्यात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

ते वर्षही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत अमेरिकेने आपल्या राज्यघटनेत दुरुस्ती करून मिळकतीवर कर बसवण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला आणि ऑक्टोबरात प्राप्तिकराचा कायदा झाला. तोवर त्या देशाच्या केंद्र सरकारचे उत्पन्न मुख्यतः मालावरच्या जकातीतून आणि दारू-तंबाखूवरच्या करांतून येत असे. म्हणजे जो साखर घेतो, कापड घेतो, त्याच्या खिशातून. श्रीमंताने आपल्या मिळकतीच्या मानाने जास्त द्यावे, हा विचार पुस्तकांतून मांडणाऱ्यांत कोलंबियाचे प्राध्यापक एडविन सेलिग्मन हे अग्रभागी होते. करांचा बोजा कागदोपत्री एकावर असतो आणि प्रत्यक्षात दुसऱ्यावर सरकतो, या प्रश्नावर त्यांनी १८९२ साली ग्रंथ लिहिला होता. चढत्या दराच्या करावर १८९४ साली आणि प्राप्तिकरावर १९११ साली त्यांची पुस्तके निघाली. बाबासाहेबांना गुरू भेटले ते असे.

या विषयाचे शिक्षण तेव्हा फार जुने नव्हते. जर्मनीत प्रशियाच्या राजाने १७२७ साली हाले आणि फ्रँकफुर्ट येथील विद्यापीठांत राज्यकारभार व खजिन्याच्या शिक्षणासाठी प्राध्यापकपदे निर्माण केली. पण हेतू राजाला चांगले कारकून मिळावेत हा होता. इंग्रजीतून शिकवणाऱ्या विद्यापीठांत तर सार्वजनिक आयव्ययावरची स्वतंत्र पाठ्यपुस्तके एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, डब्लिनचे बॅस्टेबल आणि अमेरिकेतील अ‍ॅडम्स यांच्या हातून आली. सेलिग्मन यांच्या वर्गात हे शास्त्र खजिन्याच्या बाजूने न शिकवता न्यायाच्या बाजूने शिकवले जाई. हा कर कोणावर पडतो? त्याला तो पेलतो का? महाडच्या डोंगरातील कुळाचाही प्रश्न हाच होता, फक्त त्याला तो विद्यापीठात विचारता येत नव्हता.

बाबासाहेबांनी कोलंबियात अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम घेतले. १९१५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि अर्थव्यवस्था यांवर प्रबंध लिहिला. कंपनीच्या राज्यात जमिनीचा सारा रयतेला कसा पिळून काढीत होता आणि मिठासारख्या गरिबाच्या जिनसेवरही कर कसा होता, हे त्यांनी तेथे दाखवले. त्यानंतरचा मोठा प्रबंध पुढे १९२५ साली लंडनच्या पी. एस. किंग अँड सन या प्रकाशनसंस्थेने ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेची उत्क्रांती या अर्थाच्या इंग्रजी नावाने छापला. त्याला सेलिग्मन यांची प्रस्तावना आहे आणि ग्रंथ सयाजीराव महाराजांना अर्पण केलेला आहे.

या ग्रंथाचा विषय आपल्या घरगुती भाषेत सांगता येतो. समजा, एका घरात सारी मिळकत थोरल्याच्या हाती आहे आणि खर्च मात्र पाच भावांच्या चुली करतात. कोणत्याही चुलीला काटकसर करण्याचे कारण उरत नाही. जो मोठ्याने भांडेल त्याला जास्त मिळते. जो गप्प बसेल तो उपाशी. १८३३ च्या सनदेनंतर इंग्रजांनी हिंदुस्थानची अशीच अवस्था केली होती. पैसा केंद्र सरकारच्या हाती आणि कारभार प्रांतांच्या. लॉर्ड मेयो यांनी १८७१ साली प्रांतांना ठरावीक रकमा नेमून देण्यास सुरुवात केली. १८७७ पासून काही उत्पन्नाच्या बाबीच प्रांतांकडे सोपवल्या, आणि १८८२ पासून काही बाबींचे उत्पन्न दोघांनी वाटून घेण्याची पद्धत आली, ती १९२१ पर्यंत चालली. बाबासाहेबांनी हे तिन्ही टप्पे सरकारी आकड्यांवरून तपासले. प्रांतांना अधिकार दिल्याचे इंग्रज सांगत. पण तिजोरीची किल्ली शेवटपर्यंत वर राहिली आणि ज्याचा पैसा त्या रयतेला खर्चाबद्दल विचारण्याचा हक्क कुठेच नव्हता, हे त्यांनी उघड केले.

एवढे शिकलेला मनुष्य १९१७ साली बडोद्याला नोकरीस गेला. पुढेमागे त्यांना राज्याचे अर्थखाते द्यावे असा महाराजांचा विचार होता आणि त्यासाठी त्यांना हिशेबनिसाच्या कार्यालयात उमेदवार म्हणून नेमले. शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी विश्रामगृहात ते राहिले, तेथून त्यांना काठ्या घेतलेल्या जमावाने घालवून दिले. बडोद्याच्या तिजोरीचे काम तिथेच संपले.

पुढच्या वर्षी, १९१८ च्या नोव्हेंबरात, मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. हे कॉलेज वाणिज्य शिक्षणासाठी १९१३ साली निघालेले. पगार ४५० रुपये. आपल्यातला मनुष्य कॉलेजात प्राध्यापक होऊन जमाखर्च, कर आणि चलन यांवर व्याख्याने देतो, ही गोष्ट त्या काळी केवढी होती! सुरुवातीला विद्यार्थी बिचकले, मग इतर कॉलेजांतील मुलेही त्यांचे ऐकायला येऊन बसू लागली. प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या भांड्याला हात लावण्यास मात्र काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. शिकवणे चालेल, पाणी चालणार नाही! मीही शिक्षक आहे, शिक्षकांच्या खोलीत पाण्याचे मडके कुठे असते हे मला ठाऊक आहे. म्हणून ही हकीकत वर्गात सांगताना मला थांबावे लागते.

पगारातून शिल्लक टाकून, राजर्षी शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून उसने घेऊन ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले. तेथील अर्थशास्त्राच्या विद्यालयात एडविन कॅनन हे त्यांचे प्राध्यापक होते. कॅनन यांनी इंग्लंडातील स्थानिक कराचा, म्हणजे आपण जिला घरपट्टी म्हणतो त्या प्रकारच्या कराचा, इतिहास लिहिलेला होता. बाबासाहेबांना १९२१ साली एम. एस्सी. आणि १९२३ साली डी. एस्सी. मिळाली. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध परीक्षकांना फार कडक वाटला. भाषा सौम्य करून पण निष्कर्ष तेच ठेवून त्यांनी तो पुन्हा सादर केला. या ग्रंथाच्या बळावर १९२५ च्या डिसेंबरात त्यांनी चलनविषयक शाही आयोगापुढे साक्ष दिली. रिझर्व्ह बँक त्यांनीच स्थापन केली, असे आपले काही वक्ते जयंतीच्या सभेत सांगतात. असे वाढवून सांगण्याची गरज नाही. बाबासाहेबांची खरी उंची आपल्याला पुरून उरणारी आहे.

आता १९२७ सालाकडे येतो. त्या वर्षाच्या आरंभी बाबासाहेब मुंबई कायदेमंडळाचे नेमलेले सभासद म्हणून बसू लागले. २४ फेब्रुवारी रोजी अंदाजपत्रकावर त्यांचे पहिले भाषण झाले. त्यांचा मुद्दा सेलिग्मन यांच्या वर्गातलाच, पण उदाहरण आपल्या शेतातले. प्राप्तिकरात ठरावीक रकमेखालच्या मिळकतीला माफी असते. साऱ्यात ती नाही. एक एकरवाला आणि शंभर एकरवाला एकाच दराने भरतो. पीक येवो अथवा न येवो, सारा चुकत नाही. हा न्याय कोणता, असे त्यांनी सरकारला विचारले. पुढे १२ मार्चला शिक्षणावरच्या खर्चाची चर्चा निघाली. सरकार या इलाख्यात शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च करते आणि दारूवरच्या अबकारीतून माणशी दोन रुपयांहून अधिक वसूल करते, हे आकडे त्यांनी मांडले. जेवढे लोकांकडून दारूच्या वाटे घेता, निदान तेवढे तरी त्यांच्या शिक्षणाला लावा, ही मागणी.

त्यानंतर आठवडाभरातच बाबासाहेब महाडला आले आणि २० मार्च १९२७ रोजी हजारो लोकांसह चवदार तळ्याचे पाणी प्याले. या दोन गोष्टी आपण वेगळ्या पुस्तकांत वाचतो, म्हणून त्यांचा संबंध लक्षात येत नाही. रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी ४ ऑगस्ट १९२३ रोजी कायदेमंडळात मंजूर करून घेतलेला ठराव नीट वाचावा. अस्पृश्यांना कोणती पाणवठ्याची ठिकाणे, कोणत्या धर्मशाळा खुल्या? ज्या सार्वजनिक पैशातून बांधलेल्या किंवा चालवलेल्या आहेत त्या. तसेच सरकारी शाळा, दवाखाने, कचेऱ्या. बोले यांनी दयेची भाषा वापरली नाही, देवाधर्माचीही नाही. पैसा सर्वांचा म्हणून वस्तू सर्वांची, एवढाच आधार. त्या ठरावाला धरून १९२४ साली महाड नगरपालिकेने तळे खुले केले. तळ्यावरचा हक्क बजावायला गेलेले लोक याच हिशेबाने गेले होते.

विरोधकांनाही हे समजले होते. म्हणून तर त्यांनी डिसेंबरात कोर्टात दावा लावताना तळे खाजगी असल्याचे म्हटले. सार्वजनिक नाही असे ठरले तर सार्वजनिक पैशाचा युक्तिवादच कोसळतो. दावा महाडहून ठाण्याला आणि ठाण्याहून उच्च न्यायालयात गेला. १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने निकाल आपल्या बाजूने दिला. दहा वर्षे लागली. त्या दहा वर्षांत महाडच्या बाजाराला पाचाड-पोलादपूरकडून उतरणारी आपली माणसे तळ्याच्या काठाने तहानलेली जात राहिली.

त्याच १९३७ साली बाबासाहेब स्वतंत्र मजूर पक्षातर्फे निवडून येऊन विधानसभेत गेले आणि १७ सप्टेंबरला त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. तरुण वाचकांना खोत म्हणजे काय हे सांगावे लागेल. रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांत सरकार पुष्कळ गावांचा सारा थेट कुळाकडून घेत नसे. मधे खोत होता. त्याने सरकारला ठरलेली रक्कम भरायची आणि कुळाकडून भाताचा हिस्सा घ्यायचा. वर वेठ, म्हणजे फुकट राबणूक. करशास्त्राच्या पुस्तकात याला मध्यस्थाची पद्धत म्हणून दोन ओळींत उरकतात. पण सरकारला पोचणारा कर आणि कुळाच्या मळणीतून जाणारे भात यांतली तफावत कुठे जिरते, हे खोताच्या वाड्याकडे पाहिले की कळत असे. अलिबागजवळ चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी १९३३ पासून वर्षानुवर्षे जमिनी न कसून संप चालवला होता. १० जानेवारी १९३८ रोजी बाबासाहेबांनी शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर नेला. त्यात कुणबी, आगरी, महार एका रांगेत चालले. विधेयक मंजूर झाले नाही. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. महार वतनासाठी बाबासाहेबांनी १९२८ मध्येच विधेयक आणले होते. ते वतन मात्र १९५८ चा कायदा होईपर्यंत चिकटून राहिले, आणि तोवर बाबासाहेब हयात नव्हते.

राज्यघटनेच्या कामात अर्थशास्त्राचा हा प्राध्यापक पुन्हा दिसतो. कायद्याशिवाय कर नाही, हे २६५ वे कलम. केंद्राने आणि राज्यांनी उत्पन्न कसे वाटून घ्यावे हे ठरवण्यासाठी दर पाच वर्षांनी वित्त आयोग, हे २८० वे. १९१६ च्या सुमारास विद्यार्थी म्हणून ज्या कोड्यावर प्रबंध लिहिला, त्याचे उत्तर १९४९ साली मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांच्या हातून घटनेत आले. सरकारचे हिशेब तपासणाऱ्या महालेखापालाच्या पदावर घटना परिषदेत चर्चा झाली, तेव्हा घटनेतील बहुधा हाच सर्वांत महत्त्वाचा अधिकारी, असे मत त्यांनी दिले. आणि १५ वे कलम पाहा: राज्याच्या पैशातून पूर्णतः किंवा अंशतः राखलेल्या विहिरी, तळी, घाट, रस्ते यांचा वापर करण्यास जातीवरून मनाई करता येणार नाही. बोले ठरावातील आणि महाडच्या दाव्यातील तोच आधार इथे देशाचा कायदा झाला.

नवदीक्षितांनी २७ वे कलमही माहीत करून घ्यावे. एखाद्या धर्माच्या वाढीसाठी खर्च व्हायचा असा कर देण्याची सक्ती कोणावर करता येत नाही. आमच्या भागात दीक्षा घेतल्यावर पहिला प्रश्न येतो तो गावच्या उत्सवाच्या वर्गणीचा. पालखीची वर्गणी दिली नाही तर गाव काय म्हणेल, पाणी तोडेल काय, अशी भीती घरातली वडीलधारी माणसे बोलून दाखवतात. ही भीती खोटी नाही. वाळीत टाकण्याच्या प्रकारांसाठी आपला रायगड जिल्हा पुरता बदनाम झाला आहे. तेव्हा दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. घरपट्टी आणि पाणीपट्टी हा कर आहे. तो वेळेवर भरावा, पावती घ्यावी आणि ग्रामसभेत खर्चाचा हिशेब मागावा. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नाचे १५ टक्के मागासवर्गीयांच्या कामी लावायचे असतात, ते कुठे लागले हेही विचारावे. उत्सवाची वर्गणी हा कर नव्हे. ती कोणी सक्तीने घेऊ शकत नाही, आणि त्यासाठी कुटुंबाला वाळीत टाकले तर २०१६ साली महाराष्ट्र विधिमंडळाने मंजूर केलेल्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याखाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

भगवान बुद्धांच्या धम्माकडे बाबासाहेब वळले, त्यामागे अनेक कारणे होती. पण तिजोरीचा अभ्यास केलेल्या माणसाला दीघनिकायातले कूटदन्त सुत्त वाचताना काय वाटले असेल, असे माझ्या मनात नेहमी येते. त्यात महाविजित राजाची गोष्ट आहे. राज्यात चोऱ्या-दरोडे वाढलेले असताना राजाला मोठा यज्ञ करायचा असतो. पुरोहित त्याला सांगतो की अशा वेळी प्रजेवर नवा कर बसवू नकोस. शेतकऱ्याला बियाणे दे, व्यापाऱ्याला भांडवल दे, चाकराला पगार दे. राजा तसे करतो. लोक आपापल्या कामाला लागतात, दंगेधोपे थांबतात आणि खजिनाही भरतो. पुढे सम्राट अशोक लुंबिनीला गेला, तेव्हा बुद्धांच्या जन्मगावाचा कर त्याने कमी करून आठव्या हिश्शावर आणला. तिथल्या स्तंभावर ते कोरलेले आहे. तीर्थाला गेलेला राजा गावाकडून घेऊन येतो अशा कथा आपल्याकडे पुष्कळ. हा देऊन आला.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना दिली. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात त्यांनी प्रत्येकाने आपल्या मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्याला द्यावा असे सांगितले. कर आणि दान यांतला फरक त्यांच्याइतका कोणाला कळत होता? विसाव्या हिश्शासाठी जप्ती नाही, तलाठी नाही, खोत नाही. टक्केवारी मात्र प्राध्यापकाने ठरवून दिलेली: शंभरातले पाच; ज्याची मिळकत थोडी त्याचे थोडे, ज्याची जास्त त्याचे जास्त. त्यानंतर दोन महिनेही झाले नाहीत तोच ६ डिसेंबरला दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले. ७ तारखेला दादरच्या चौपाटीवर, चितेसमोर, भदन्त आनंद कौसल्यायन यांनी लाखाहून अधिक लोकांना दीक्षा दिली.